सोजर लहान होते आहे

१९ एप्रिल २०१९

मोळी बांधून दाखव म्हणे! सून बघायला आले होते की बैल?

सकाळी मोहनच्या चारा छावणीत गेले होते. ‘माझी नाही अक्का, दूध संघाची’ — असं तो दर वेळी सांगतो. संघाचा चेअरमन माझा हा धाकटा भाऊ, सेक्रेटरी त्याचा मेव्हणा, पण छावणी मात्र संघाची! असो. चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून चारशे जनावरं आणि जनावरांपाशी त्यांची माणसं. बहुतेक ऊसतोडीवरून परतलेली. वस्तीवर पाणी नाही, म्हणून बैलांसोबत तीही इथेच राहतात. चाऱ्याला काय, तर ऊस. सहा महिने कारखान्यासाठी तोडला, आता तोच बैलांपुढे टाकायचा.

त्या उसाच्या ढिगापाशी गर्दी. मधे एक पोरगी — चौदाची असेल नसेल. चार वर्षांचा भाऊ तिचा परकर धरून उभा. समोर नवऱ्या मुलाची आई, केसरबाई नावाची, तंबाखू मळत बसलेली. ‘बांध बघू एक.’ पोरीने वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांचा, पीळ केला, ऊस रचले, गुडघा दाबून गाठ मारली आणि मोळी डोक्यावर घेऊन उभी राहिली. मान जराही हलली नाही. केसरबाई उठली, तिच्याभोवती फिरली, मोळीला हाताने धक्का दिला. ‘ढिली न्हाई. चालतंय.’

पसंत!

मी विचारलं, हिचं वय काय? केसरबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘मोळी उचलती की. आनखी कसलं वय?’

एकतीस वर्षं अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवलं. इतकं सुटसुटीत उत्तर एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं.

२१ एप्रिल

राग अजून उतरलेला नाही.

पोरीचं नाव सोजर. बाप भारत, आई विमल. विमल पुन्हा पोटुशी आहे, सहावा चालू. नवरा मुलगा शहादेव, एकोणीस वर्षांचा, ह्यांच्याच टोळीतल्या केसरबाईचा. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. म्हणजे त्या शहादेवाला बायको नकोच आहे. अर्धा कोयता हवा आहे!

मोहनला म्हटलं, तुझ्या छावणीत बालविवाह ठरतो आहे, लाज वाटते का?

‘ठरतोय ना? होत तर नाहीये?’

१०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करीन म्हटलं.

‘कर. मागल्या साली पलीकडच्या गावात एका मास्तरनं केला होता. साहेब लोक आले, लिहून घेतलं, चहा प्यायले, गेले. चौथ्या दिवशी वडवणीकडं कुठल्याशा देवळात लग्न लागलं. बदली झाली ती फक्त मास्तरची. अक्का, तू रिटायर झालीस. मी व्हायचोय. विधानसभा तोंडावर आलीय.’

लोचट! तोंडावर म्हटलं नाही. इथे लिहून टाकते.

२६ एप्रिल

टँकरपाशी विमलला गाठलं. चार घागरींच्या मागे उभी होती, कमरेवर हात. मी तिला समजावलं — पोटातल्या जिवाला ऐकू येतं, आईचं मन शांत हवं, त्याच्याशी बोलावं, गाणं म्हणावं. हे मी दरवर्षी नवी बॅच आली की शिकवायचे. फळ्यावर जिना काढायचे. सगळ्यात खालची पायरी जन्माआधीची, मग तान्हेपण, मग शैशव, बाल्य आणि वर पौगंड. एक पायरी नीट चढल्याशिवाय दुसरी नाही. आणि खाली कुणी उतरत नाही! हे वाक्य परीक्षेत हमखास यायचं.

विमल हसली. ‘ऐकू येतंय हे मलाबी ठावं हाय, बाई. सोजर पोटात असताना रोज कोयता ऐकायची. झाली, तर कोयत्याबिगर झोपंना! फडात टकटक चालू हाय तवर गप. थांबलो की भोकाड. मग तिचा बाप कोयत्यावर खडा मारीत बसायचा. टक, टक. तवा डोळा लागायचा तिचा.’

आणि सटवा?

‘त्याला सोजरनंच निजवला की. लोट्यावर खडा मारून. माझ्यापाशी न्हाई झोपत त्यो.’

सोजर चौथीत असताना सटवा झाला. आई पहाटे फडात, मूल हिच्या मांडीवर. शाळा तिथेच संपली. हे विमलने अगदी सहज सांगितलं — पाऊस पडला नाही म्हणून बाजरी आली नाही, तसं.

तेवढ्यात तो सटवा धावत आला. ‘विमल, माय कुठं गेली?’

आईला नावाने हाक. माय म्हणजे सोजर! विमलने बोट दाखवलं, त्या तिकडं. तिला काही वाटलेलं दिसलं नाही. की वाटलं? हातातली घागर उगाच एकदा विसळून पाणी फेकलं तिने. पाणी एवढं दुर्मीळ असताना.

हे सगळं कोणत्या पायरीवर बसवायचं?

२ मे

सोजरला घरी बोलावून सरबत दिलं. अर्धं प्यायली, अर्धं सटवाला पाजलं. मग त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. म्हटलं, हे लग्न तुला नको आहे ना? घाबरू नकोस, सांग.

‘करायचं हाय.’

कावून? — बघा, मीही त्यांच्यासारखी बोलायला लागले!

‘त्यो आमच्याच टोळीत हाय.’

मग?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मंद आहे. ‘दुसरीकडं दिली तर मी एका कारखान्यावर न् सटवा दुसऱ्या. ह्यांची कोपी आमच्या कोपीला लागून असती. पोरगं डोळ्याम्होरं राहील.’

फडाजवळ पाचटाच्या खोपट्या घालून राहतात, ती कोपी. म्हणजे हिने नवरा बघितलाच नाही. कोपी बघितली! मी धरून चालले होते की बापाने गळ्यात बांधलं. उलट हीच दिवाळीपासून केसरबाईच्या मागे होती. तिच्या भाकऱ्या थापून देत होती.

जाताना म्हणाली, ‘फोन करू नगा, बाई. केला तर मी अठराची हाय म्हणून सांगीन.’

कुणाला वाचवते आहे मी? कुणापासून?

१४ मे

टँकर आलाच नाही. रस्त्यात सोजर दिसली, सटवा कडेवर. चार वर्षांचं धट्टंकट्टं पोर! पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबताहेत. उतरव त्याला खाली, म्हटलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. जणू मीच काही घाण बोलले.

२९ मे

ठरवलं. सोजरला इथे आणायचं. माझ्या घरी, शाळेत घालायचं, आणि सटवाने आईपाशी राहायचं. दोघांचीही गाठ सोडवली पाहिजे. शास्त्र आहे हे, लहर नाही.

मोहन म्हणतो, ‘लेकराला आईपासून तोडतेस का अक्का?’ आईपासून? ती बहीण आहे त्याची! आणि तुटलं म्हणून कुणी मरत नाही. मला पाचव्या वर्षी औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात ठेवलं. सिस्टर बर्नाडेटने पहिल्या दिवशी बुटाचे बंद बांधायला शिकवले, आणि मी रडले नाही, असं सगळे सांगतात. सुट्टीत घरी आले की आईला मी इतरांसारखं ‘वैनी’च म्हणायचे. चांगली मोठी होईपर्यंत. काही बिघडलं नाही माझं.

हे इथे कशाला लिहिलं कोण जाणे. असू दे.

४ जून

झालं. मोहनला मधे घातलं. चेअरमनचा तेवढा उपयोग. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, टोळी निघायच्या आधी — तोवर सोजर माझ्याकडे. तोवर तिचं मन पालटेल, असा माझा डाव. भारत पटकन तयार झाला. ‘ठिवा. पण चांगली ठिवा. टोळी निघायच्या येळंला परत लागंल.’

बैल उसना देतात तसं.

सोजरने आपलं गाठोडं बांधलं. सटवा रडला. छावणीपासून माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं, किंवा मलाच तसं वाटलं.

१७ जून

शाळा सुरू. हेडमास्तर माझा जुना विद्यार्थी. ‘वयाप्रमाणे आठवीत बसवावी लागेल, बाई.’ बसव! वाचता येतं चौथीपुरतं. मी आहे ना.

पण मी काय शिकवणार हिला? पहाटे उठते. अंगण झाडते, टँकरचं पाणी भरते, मी उठेपर्यंत भाकरी तव्यावर. मला औषधाची आठवण करते. बोलणं कमी, तक्रार नाही. हिच्याएवढी समजूतदार बाई मी स्टाफरूममध्ये पाहिली नाही.

६ जुलै

आज भाकरी नाही. विचारलं तर अंथरुणातूनच म्हणाली, ‘तुमी करा की.’

मी! चौसष्टाव्या वर्षी! केली. जाड झाली. ‘लई जाड हाय,’ म्हणून तिने अर्धी ठेवली.

१५ जुलै

शेजारच्या तिसरीतल्या मुलींबरोबर सागरगोटे. एक हरवला म्हणून तासभर रडली. चौदा वर्षांची घोडी! मी म्हटलं, शोभतं का? तर पाय आपटले. माझ्या घरात माझ्यापुढे आजवर कुणी पाय आपटलेले नाहीत.

झोपताना मात्र पेल्यावर नखाने टकटक करत राहते. आपली आपण. मग झोपते.

२८ जुलै

विमलला मुलगी झाली. छावणीतल्याच पत्र्याच्या खोलीत; नर्स वेळेवर आली, देवाची कृपा. सोजरला घेऊन गेले. सगळ्यांनी बाळ तिच्या पुढे धरलं — धर, तुझीच हाय आता.

सोजरने हात मागे घेतले. ‘मला नगं.’

सटवा ‘माय!’ करत येऊन बिलगला. तिने घेतला, पापा घेतला, मग खाली ठेवला आणि पोरांबरोबर उसाच्या ढिगावरून घसरगुंडी खेळायला गेली! सटवा रडून रडून लाल. शेवटी विमलच्या कुशीत जाऊन पडला, बाळाच्या पलीकडे. विमलने भीत भीत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परक्याच्या मुलावर ठेवतात तसा.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं का?

१९ ऑगस्ट

गादी ओली. ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा. मी काही बोलले नाही, उन्हात टाकली. ऊन तेवढं भरपूर आहे.

वेणी घालू देत नाही, किंचाळते. मग मीच घालावी म्हणून हट्ट. दूध नको, मग दूध कावून दिलं न्हाई? काल म्हणाली, ‘भरवा.’ मी म्हटलं, हात मोडले का? ती जेवलीच नाही.

खाली कुणी उतरत नाही, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. ही दर आठवड्याला एक पायरी उतरते आहे! आजार म्हणावा? लबाडी म्हणावी? आणि तळाशी पोहोचली की मी काय करायचं? तिथे तर पोट लागतं. ते मी कुठून आणू?

८ सप्टेंबर

भरवलं. कुणाला सांगायचं नाही.

२९ सप्टेंबर

पाऊस आला — पिकं गेल्यावर! छावणी उठली. मोहनने समारोपाचं भाषण केलं, बैलांना हार घातले. भारतची मंडळी वस्तीवर परतली. दर रविवारी सोजरला घेऊन जाते.

आज एक मजा झाली. सटवा विमलला म्हणाला, ‘माय, सोजी आली बघ.’ माय! आणि ही नुसती सोजी! विमल एकदम चुलीकडे वळली. धूर नव्हता तरी डोळे पुसले. सोजरचं तिकडे लक्षच नव्हतं, ती शेळीच्या पिल्लामागे धावत होती.

म्हणजे दोघंही आपापल्या जागी आली. कोण म्हणतं शास्त्र चुकतं? मोहनला फोन करून सांगितलं. त्याला काही कळलं नाही. नाहीच कळणार.

५ नोव्हेंबर

सगळं एकदम लिहिते.

केसरबाई आली. सोबत भारत आणि बाळाला घेऊन विमल. तुळशीचं लग्न शनिवारी, त्यानंतर लगेच उरकू म्हणे, टोळी पुढच्या आठवड्यात निघते. मी दारात उभी राहिले. कायदा सांगितला, वय सांगितलं, हिची बुद्धी बरी आहे, बारावीपर्यंत जाईल — सगळं सांगितलं. केसरबाईने कान खाजवला.

‘झालं का, बाई? बरं. सोजे, इकडं ये. हात इसरला न्हाईस ना?’ अंगणात तुराट्यांचा ढीग होता. ‘बांध एक.’

सोजरने दोरी घेतली. बांधली. उचलायला गेली तर मोळी सुटून सगळ्या तुराट्या अंगणभर! आणि ही खी खी हसत सुटली.

‘हसतीस काय? नीट बांध.’

मग दोरी फेकली तिने. पळत माझ्या मागे आली, माझा पदर तोंडावर ओढला आणि पाय आपटायला लागली — ‘मला न्हाई! मला न्हाई जायचं! न्हाई, न्हाई, न्हाई!’ नाक वाहतंय, हुंदका येतोय, पदर दातांत. दोन वर्षांच्या मुलाने करावं तसं, हुबेहूब.

केसरबाई बघत राहिली. पहिल्यांदाच नीट बघत होती, असं मला वाटलं.

‘आगं बया,’ ती भारतला म्हणाली, ‘ही तर लेकरू हाय!’

तिने दोरी उचलून तुराट्यांवर टाकली.

‘म्या सून मागितली. लेकरू कोन संभाळणार? शहादेव फड तोडंल का हिचं नाक पुसंल?’ चपला घातल्या आणि निघाली. फाटकातून परत वळून म्हणाली, ‘वाळूनशान काटकी झालती बिचारी. गाल धरलेत जरा.’ आणि गेली.

भारत माझ्यावर उखडला. ‘बिघडवली तुमी पोरगी, बाई! कामाची ऱ्हायली न्हाई.’

नोकरीत इतकी प्रशस्तिपत्रकं मिळाली. ह्याच्या तोडीचं एक नाही!

६ नोव्हेंबर

पहाटे जाग आली तर अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं, सोजर वेणी घालून पुस्तक घेऊन बसलेली.

म्हटलं, काल सोंग होतं?

‘थोडं.’

थोडं म्हणजे किती?

खांदे उडवले.

आणि गादी ओली व्हायची ते? भरवायला लावायचीस ते? मान खाली घातली. मी विचारायला नको होतं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आज भाकरी मी करते. उद्या तुमी.’

मला काहीही कळत नाही. कळतं असं सांगून मी पगार घेत आले.

९ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. सोजरने अक्षता कमी टाकल्या आणि चुरमुरे जास्त खाल्ले.

भारत येऊन गेला, विमलही. सोजरला माझ्याकडेच ठेवतो म्हणाला. शहादेवाला दुसरी मिळाली म्हणे, धारूरकडची. कुणाची कोण, किती वर्षांची — कुणी विचारलं नाही. मी विचारलं. ‘मोळी बांधती,’ म्हणाला.

मग मी मन मोठं करून म्हटलं, सटवालाही ठेवा. त्याला बालवाडीत घालू. भावंडं एकत्र राहतील, आता काही धोका नाही.

‘सटवा न्हाई. सटवा लागतोय.’

मला हसू आलं. चार वर्षांचं पोर कशाला लागतं? उसाच्या शेंड्याला हात पुरायचा नाही त्याचा! विमलकडे पाहिलं. तिने बाळाला ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि दुसरीकडे बघत बसली.

आग्रह नाही केला. आईला तिचा मुलगा आत्ता कुठे मिळाला आहे. मी कोण काढून घेणारी?

१३ नोव्हेंबर

टोळी गेली. सोजर आली नाही — ‘मला बघून रडंल त्यो. नगं.’ शाळेत गेली.

मी हायवेवर जाऊन उभी राहिले. ट्रक भरलेला. बैल, चाकं, पत्र्याच्या पेट्या, माणसं. मागच्या फळीला टेकून सटवा मांडी घालून बसला होता. मांडीवर बाळ. एका हाताने त्याची मान धरलेली — बरोबर धरली होती, कुणीतरी शिकवलं असणार. दुसऱ्या हातात खडा. पुढ्यात लोटा.

टक. टक. टक.

चारला सोजर येईल. दप्तर टाकायच्या आधी विचारील, सटवा रडला का.

नाही रडला. एवढं खरं सांगता येईल.